धरणातली रिकामी जागा: कोयनेच्या पाण्याचा वर्षभराचा हिशोब

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णा-कोयनाकाठच्या मोबाईलवर एक निरोप फिरायला लागतो. 'कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलून नदीपात्रात विसर्ग सोडण्यात येणार आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' तो वाचला की आमच्याकडे पहिली आठवण होते ती मोटरीची. माणूस चप्पल घालून थेट नदीवर जातो. पाइप सुटे करायचे, केबल गुंडाळून खांद्यावर टाकायची, मोटरीला दोर बांधून ती ट्रॅक्टरने काठावर ओढायची. पाणी चढायच्या आधी हे काम तास-दीड तासात उरकतं. पाणी चढल्यावर गाळात पाय रुततात आणि त्याच कामाला अख्खी दुपार जाते, कधी मोटरच जाते. म्हणून आमच्यासाठी 'किती क्युसेक' याच्याइतकाच 'किती वाजता' हा प्रश्न मोठा.

हीच माणसं एप्रिलमध्ये त्याच काठावर उभी असतात. पात्रात डबकी उरलेली, उसाची पानं पिवळी पडायला लागलेली. तेव्हा कुणीतरी म्हणतंच, 'ऑगस्टमध्ये एवढं पाणी सोडलं, ते धरून ठेवलं असतं तर?' जुलैमध्ये मात्र ओरड उलटी असते: 'धरण एवढं भरेपर्यंत वाट का बघितली? आधीच का नाही सोडलं?'

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकाच भिंतीमागे आहे. उन्हाळ्यात पाणी हवं असेल तर धरण भरलेलं पाहिजे. पुरापासून वाचायचं असेल तर ते रिकामं पाहिजे. आपण बातमीत फक्त भरलेला भाग वाचतो, 'कोयनेत अमुक टीएमसी साठा'. पावसाळ्यात मात्र धरणातली रिकामी जागा हीसुद्धा तितकीच मोलाची पुंजी असते. ती कधी राखायची आणि कधी भरू द्यायची, वर्षभराचं नियोजन मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरतं.

आधी मापं नीट समजून घेऊ

बातम्यांमध्ये दोन मापं येतात आणि पुष्कळदा त्यांची गल्लत होते. टीएमसी हे साठ्याचं माप. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. क्युसेक हे वाहण्याचं माप, एका सेकंदाला किती घनफूट पाणी गेलं ते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर.

या दोघांना जोडणारा एक आकडा पाठ केला तर निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात. ११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. म्हणजे 'धरणात एक लाख क्युसेक आवक' असं वाचलं, तर दिवसाला साधारण साडेआठ टीएमसी पाणी येतंय हे समजायचं. धरणात वीस टीएमसीची जागा उरली असेल, तर सव्वादोन-अडीच दिवसांत ती संपते. त्या रात्री धरणावरच्या अभियंत्याच्या डोक्यात हेच गणित चालू असतं.

आता कोयनेचे आकडे. शिवसागर जलाशयाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. त्यातला तळाचा सुमारे पाच टीएमसी मृत साठा, म्हणजे वापरायला शंभरच्या आसपास. पाणलोट क्षेत्र ८९२ चौरस किलोमीटर, महाबळेश्वरपासून कोयनानगरपर्यंत पसरलेलं. नवजा, महाबळेश्वर आणि कोयनानगर या तीन ठिकाणच्या पावसाचे आकडे आमच्याकडे पावसाळ्यात बाजारभावासारखे रोज बघितले जातात.

बघण्याचं कारण असं. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. कोयनेच्या साऱ्या पाणलोटावर शंभर मिलिमीटर पडला, तर सव्वातीन टीएमसीच्या जवळपास. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, त्यातलं बरंच पाणी मुरतं. जुलै संपता संपता माती ओली गच्च होते आणि पडेल ते जवळपास सगळं ओढ्यांतून धरणात उतरतं. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस साऱ्या पाणलोटभर पडला तर एका दिवसात अठरा टीएमसीच्या वर पाणी होतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे त्या चौघांचा दोन तृतीयांश साठा एका दिवसात!

जून-जुलै: दार असून उपयोग नाही

कोयनेचं पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. १ जूनला धरणात बहुधा वर्षातला तळाचा आकडा असतो, आणि आभाळाकडे बघण्यावाचून काही करता येत नाही.

'जुलैच्या सुरुवातीलाच दरवाजे का उघडत नाहीत?' असं विचारणाऱ्यांना धरणाची एक गोष्ट सहसा माहीत नसते. दरवाजे भिंतीच्या वरच्या भागात, सांडव्यावर बसवलेले असतात. सांडव्याला एक उंबरा असतो. पाणी त्या उंबऱ्याच्या वर चढेपर्यंत दरवाजा सताड उघडला तरी थेंबही बाहेर पडत नाही. कोयना निम्म्याहून बरीच जास्त भरल्याशिवाय पाणी त्या उंबऱ्याला लागत नाही. तोवर पूर्वेकडे पाणी सोडायची मुख्य वाट म्हणजे पायथा वीजगृह, आणि तिथून जातं सुमारे २,१०० क्युसेक. दिवसाला एक टीएमसीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आत लाखभर क्युसेक येत असताना दोन हजारांच्या वाटेने जागा मोकळी कशी होणार?

म्हणजे पूर अडवण्यासाठी जागा मोकळी ठेवायचा खरा निर्णय पाणी उंबऱ्याच्या वर आल्यावरच घेता येतो. तिथून पूर्ण पातळीपर्यंतचा जो थोडका पट्टा आहे, सारी कसरत त्यातली आहे. ही गोष्ट कळल्यापासून जुलैतल्या त्या निरोपाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

यासाठी प्रत्येक मोठ्या धरणाला जलाशय परिचालन आराखडा असतो. त्यात तारखेनुसार पातळीची रेघ आखलेली असते. अमुक तारखेला धरण साधारण इतकंच भरलेलं असावं, त्यावर आलेलं सोडून द्यावं. जुलैअखेरची रेघ खाली, ऑगस्टच्या मध्याला जरा वर, सप्टेंबरमध्ये आणखी वर, आणि पावसाळा ओसरताना धरण काठोकाठ. ही रेघ आधीच्या कित्येक वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून काढतात. १५ सप्टेंबरनंतर या भागात साधारण किती पाणी येतं, कोरड्या वर्षी किती आलं, हे बघून ती ठरते. कारण ऑगस्टमध्ये सोडलेल्या पाण्याच्या जागी सप्टेंबरमध्ये दुसरं येईल याची हमी कुणीच देत नाही. पाऊस पंधरा ऑगस्टलाच थांबला तर? तसं झालेलंही आहे, आणि त्या वर्षीचा मे महिना या भागातली माणसं विसरत नाहीत.

ऑगस्टचं गणित

समजा १ ऑगस्टला धरणात ८० टीएमसी आहे. रिकामी जागा २५ टीएमसी. आवक ८० हजार क्युसेक, दिवसाला सुमारे ६.९ टीएमसी. काहीच सोडलं नाही तर साडेतीन दिवसांत धरण भरेल. त्यानंतर मोठी लाट आली, समजा दीड लाख क्युसेकची, तर ती तशीच्या तशी खाली सोडावी लागेल. भरलेल्या धरणाला पर्याय नसतो.

त्याऐवजी पहिल्याच दिवशी ३० हजार सोडायला सुरुवात केली तर आत साठतं ५० हजार, दिवसाला ४.३ टीएमसी. भरायला पावणेसहा दिवस लागतात. म्हणजे सव्वादोन दिवस हातात आले. तेवढ्यात पाऊस उतरला तर मोठा विसर्ग करायची वेळच येत नाही, आणि नाही उतरला तरी शिखराच्या वेळी थोडी जागा शिल्लक असते. शिखराचं पाणी आत घ्यायचं आणि दोन-तीन दिवसांत विभागून बाहेर सोडायचं, धरण पूर 'अडवतं' म्हणजे नेमकं हेच करतं. आवक दीड लाख असताना खाली लाखभरच जात असेल, तर वरचं पन्नास हजार ती रिकामी जागा गिळत असते.

इथे एक मुद्दा जीव तोडून सांगावासा वाटतो. दरवाजे उघडले म्हणून पूर आला, हे वाक्य प्रत्येक वेळी खरं नसतं. पुराच्या काळात सोडलेलं पाणी आत येणाऱ्या पाण्याच्या शिखरापेक्षा कमी असेल, तर धरण नसतं तेव्हा यापेक्षा मोठा पूर आला असता. पण धरण आधी भरून ठेवलं, मग घाबरून एकाएकी मोठा विसर्ग केला, आणि निरोप उशिरा दिला, तर तो दोष माणसांचाच. दोन्ही ओळखायची सोपी खूण आहे. आवक आणि विसर्ग यांचे तासातासाचे आकडे शेजारी ठेवून बघायचे. हे आकडे आता जाहीर होतात, तेव्हा पुराबद्दल बोलताना ते समोर असले पाहिजेत.

सांगलीच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. कोयना नदी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. पण कोयनेच्या भिंतीखाली आणि वारणेच्या, पंचगंगेच्या खोऱ्यांत धरणांनी न अडवलेला केवढा तरी मुलूख आहे. त्याला मुक्त पाणलोट म्हणतात. तिथे पडलेल्या पावसावर कुणाचाच दरवाजा नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा धरणांतला विसर्ग, मुक्त पाणलोटातला पाऊस, नदीच्या वळणावळणाने मंदावणारा प्रवाह आणि पूररेषेच्या आत झालेली बांधकामं, सगळं एकाच आठवड्यात एकत्र आलं. खाली कर्नाटकात अलमट्टी, तिची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, आणि तिच्या फुगवट्यावरचा वाद तर दर पावसाळ्यात निघतो. एकाच धरणाकडे बोट दाखवणं सोपं जातं, पण नदी तालुक्याची किंवा राज्याची हद्द बघून वाहत नाही. कोयना, वारणा आणि अलमट्टीच्या अभियंत्यांनी एकमेकांचे आकडे तासातासाला बघून ठरवणं हाच त्यावरचा खरा उपाय. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पावसाची आणि पातळीची माहिती आपोआप पाठवणारी यंत्रणा बसवली आहे ती त्यासाठीच.

वेळेचा प्रश्नही आहेच. कोयनानगरला सोडलेलं पाणी कराडला काही तासांनी पोचतं, सांगलीला त्याच्याही नंतर. म्हणजे आज दुपारी घेतलेला निर्णय सांगलीत दिसायला वेळ जातो. तोवर वारणा काय करणार आहे, याचा अंदाज बांधूनच दरवाजा किती फूट उचलायचा ते ठरतं.

लहान धरणांना तर ही उसंतही मिळत नाही. पुण्याचं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं आहे. ३५ हजार क्युसेक आवक झाली तर अगदी कोरडं असलं तरी सोळा तासांच्या आत भरेल. तेही पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या खाली बसलेलं, म्हणजे त्यांचा विसर्ग आणि मधल्या डोंगरांचं पाणी दोन्ही त्याच्याच पदरात. २५ जुलै २०२४ च्या पहाटे तिथला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात नेला गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरलं. अशा धरणाला जागा राखण्याची चैन परवडत नाही. तिथे पावसाचा अंदाज, लवकर थोडं थोडं सोडणं आणि वेळेत पोचलेला निरोप, एवढंच हातात असतं.

पश्चिमेचं पाणी, पूर्वेचं पाणी

पावसाळा सरला की प्रश्नाचं तोंड फिरतं. आता भीती असते ती उरलेलं पाणी पुरेल का याची.

कोयनेचं वेगळेपण इथे आहे. तिच्या पाण्याला दोन वाटा आहेत. पूर्वेची वाट नदीची: कराड, सांगली, पुढे कर्नाटक. पश्चिमेची वाट सह्याद्रीच्या पोटातून: बोगद्यातून पाणी पोफळीकडे उतरतं, जनित्रं फिरवतं, कोळकेवाडीत पुन्हा वीज देतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. चारही टप्पे आणि पायथा वीजगृह मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. संध्याकाळी सात वाजता राज्यभरचे दिवे आणि पंखे एकदम लागतात तेव्हा कोळशाचं वीजकेंद्र लगेच वाढवता येत नाही. पाण्यावरचं जनित्र काही मिनिटांत सुरू होतं. कोयनेची किंमत त्या मिनिटांत आहे.

पण पश्चिमेला गेलेलं पाणी परत येत नाही. पूर्वेला सोडलेलं पाणी पायथ्याशी थोडी वीज देऊन पुढे शेतीला, प्यायला उपयोगी पडतं. पश्चिमेचं पाणी वीज भरपूर देतं आणि समुद्राला मिळतं. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली. १ जून ते ३१ मे हे वर्ष त्याच हिशोबाचं.

इथे कुणीही म्हणेल, वापरायला शंभर टीएमसी, त्यातले ६७.५ विजेला, मग शेतीला उरलं काय? पण पावसाळ्यातही जनित्रं चालू असतात, आणि तेव्हा वापरलेल्या पाण्याची जागा पाऊस भरून काढतो. चांगल्या वर्षी धरणात येणारं पाणी त्याच्या पोटात मावेल त्याहून जास्तच असतं, म्हणून तर दरवाजे उघडावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये विजेसाठी नेलेलं पाणी फुकटात पडतं असं म्हटलं तरी चालेल, आणि फेब्रुवारीतलं मात्र साठ्यातून जातं. म्हणून ६७.५ टीएमसी वर्षभरात कधी आणि कसे वापरले, याने उन्हाळ्याचं चित्र बदलतं.

कमी पावसाच्या वर्षी ही ओढाताण उघड्यावर येते. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजना नदीतलं पाणी पंपांनी उचलून कडेगाव, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, जतच्या माळरानांपर्यंत नेतात. नदीत पाणी सोडलं नाही तर पंप कोरडे. २०२३ चा पावसाळा रोडावला आणि नोव्हेंबरातच सांगलीला कृष्णा कोरडी पडायची वेळ आली, तेव्हा पाणी कुणी अडवलं यावरून मोठा वाद झाला. माझं मत सांगतो. अशा वर्षी विजेचं पाणी आधी कमी करावं. वीज महाग पडते, पण दुसरीकडून आणता येते. जतच्या पिण्याच्या पाण्याला दुसरीकडची सोय नाही. आणि पाण्याखाली गेलेल्या गावांच्या लोकांनी आपली जमीन देऊन हे पाणी उभं केलंय. त्यातल्या अनेकांना अजून पुनर्वसनासाठी भांडावं लागतंय, हे आकडे मांडताना विसरू नये.

१५ ऑक्टोबर

महाराष्ट्रात धरणाच्या पाण्याची खरी तारीख १५ ऑक्टोबर. त्या दिवसाचा साठा धरून रब्बी आणि उन्हाळी हंगामाचं नियोजन होतं. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, तेही पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचं, कारण पाऊस ७ जूनला हजर होईलच असं नाही. मग बाष्पीभवनाची तूट. मग उद्योगाला आणि शेतीला किती आवर्तनं देता येतील ते बघायचं. कालवा सल्लागार समितीची बैठक त्यासाठीच असते, आणि तिथे दर वर्षी ठरलेलं भांडण होतं: रब्बीला एक पाळी कमी करून उन्हाळ्याला ठेवायची, की आत्ता द्यायची आणि पुढचं पुढे बघायचं?

याच तारखेवर गोदावरी खोऱ्यात कायद्याची घडी बसली आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं. त्यानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-अहिल्यानगरच्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं. वरच्यांना ते ओरबाडल्यासारखं वाटतं, खालच्यांना हक्काचं. दोन्हीकडची तहान खरी आहे.

बाष्पीभवन हे नुसतं कागदावरचं कलम समजू नये. जायकवाडीचा नाथसागर उथळ आणि पसरट आहे. उन्हाळ्यात समजा दोनशे चौरस किलोमीटर पृष्ठभाग उरला आणि दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं, तर चौदा दिवसांत एक टीएमसी आकाशात जातं. कोयना खोल दरीत आहे, पृष्ठभाग लहान, म्हणून ती या बाबतीत नशीबवान.

मृत साठा, आणि वजा टक्के

मृत साठा म्हणजे तळातलं खराब पाणी, असा एक समज आहे. खरं तर जिथून पाणी बाहेर काढता येतं त्या तोंडाच्या खालचं पाणी म्हणजे मृत साठा. तोंड कुठे आहे त्यावर तो ठरतो. कोयनेत २५ एप्रिल २०१२ ला जलाशयाच्या तळाशी स्फोटाने भोक पाडून दुसरं लेक टॅपिंग झालं, ते आणखी खालच्या पातळीवरचं पाणी विजेसाठी घेता यावं म्हणूनच. पहिलं १३ मार्च १९९९ ला झालं होतं.

उजनीची गोष्ट याच्या टोकाची. तिथे एकूण ११७ टीएमसीपैकी तब्बल ६३.६५ टीएमसी मृत, उपयुक्त फक्त ५३.५७. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, त्यामुळे पाणी त्याखाली गेलं की आकडा वजा होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा साठ टक्क्यांपर्यंत गेली. ऐकायला भयंकर वाटतं, पण हिशोब करून बघा. ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे ३२ टीएमसी. ६३.६५ मधून ३२ वजा केले तर तळाला ३१ टीएमसीच्या वर पाणी होतंच. फक्त ते कालव्यात जात नव्हतं. नदीत सोडायचं, उपसा करायचा, एवढंच शक्य होतं. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्क्यांवर गेली.

सोलापूर शहराला भीमेतून पाणी द्यायचं तर उजनीतून नदीत एकेका वेळी कित्येक टीएमसी सोडावे लागत आले. औजच्या बंधाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत वाळू पिते, ऊन पितं, आणि मधल्या काठावरच्या मोटरी ओढतात. शहराच्या खऱ्या गरजेच्या कितीतरी पट पाणी केवळ वाटेच्या खर्चात जातं. जलवाहिनीचं महत्त्व या एका हिशोबातून कळतं.

मे, आणि पुढचा जून

मे महिन्यात धरणाच्या पाण्याचं चित्र बघायचं असेल तर कालव्याच्या शेवटच्या टोकाला जावं. उन्हाळी आवर्तन सुटलेलं असतं. नियम असा की पाणी आधी टेलला द्यायचं, मग वर सरकत यायचं. पाटकरी रात्री बॅटरी घेऊन चारीने फिरतो, कुणी दार चोरून उचललंय का, कुणी बांध फोडलाय का बघत. टेलचा शेतकरी चारीच्या कडेला घोंगडी टाकून बसलेला असतो. आधी चारीच्या तळाची भेगाळलेली माती काळी पडते, मग पालापाचोळा हलतो, आणि मग बोटभर उंचीचं पाणी गवताच्या काड्या पुढे ढकलत येतं. त्या बोटभर पाण्यासाठी ऑक्टोबरातली बैठक आणि ऑगस्टमधल्या दरवाज्याची दीड-दोन फुटांची उंची, दोन्ही कारणीभूत असतात.

३१ मेला कोयनेचा लवादाच्या वर्षाचा हिशोब मिटतो. पश्चिमेला किती गेलं, पूर्वेला किती, उडालं किती, शिल्लक किती. ही शिल्लक थोडी जास्त राहिलेली चांगली, कारण जून कोरडा गेला तर जुलैच्या मध्यापर्यंत तिच्यावरच भागवावं लागतं. आणि ती फार जास्त राहिली तर ऑगस्टमधली रिकामी जागा तेवढी कमी होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवजाच्या पर्जन्यमापकाचं रोजचं वाचन पुन्हा बातम्यांत यायला लागतं. पहिले काही दिवस तिथे शून्य असतं. मग एका सकाळी १४ मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी ३८. धरणात आवक अजून काहीच नसते, माती पाणी पीत असते. आमच्याकडे माणसं नदीवर जातात, मोटरीचं फाउंडेशन तपासतात, दोर सुकलाय का बघतात, आणि मोबाईल चार्ज करून ठेवतात.